दिव्याच्या सात उघडझापी

१/ शिकागोच्या 'बॅली' कंपनीने १९७७ च्या सुमारास बनवलेले पिनबॉलचे यंत्र आज चालू केले, तर खेळाडूला न दिसणाऱ्या जागी, मागच्या पेटीतील सर्किट बोर्डावर, एक बारीक तांबडा दिवा क्षणभर चमकतो आणि मग सात वेळा उघडझाप करतो. सातवी उघडझाप झाली की यंत्र खेळण्यास सिद्ध होते. दोनच होऊन तो थबकला, तर बिघाड कोठे आहे हे जाणकाराला स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वीच कळते. जी यंत्रे काही वर्षे पैसे कमावून मोडीत जातील अशा हिशेबाने घडवली गेली, ती अर्धशतक कशी टिकली आणि त्यांच्यातली काही का टिकली नाहीत, त्याची ही हकिकत. (धागा)

२/ प्रथम यंत्राची ओळख. उतरत्या फळीवर पोलादी गोळी सोडायची. ती रबरी कड्यांवर, खुंट्यांवर, दणके देणाऱ्या 'बंपर'वर आदळत खाली येते. तळाशी असलेल्या दोन पात्यांनी, म्हणजे फ्लिपरांनी, तिला पुन्हा वर धाडायचे. गोळी ज्या ज्या वस्तूला लागते तिथे एक स्विच दाबला जातो. त्या स्विचची खबर घेणे, गुण मोजणे, दिवे लावणे आणि योग्य क्षणी विद्युतचुंबकाला झटका देणे हे यंत्राच्या 'मेंदू'चे काम. दुरुस्तीचा सारा इतिहास या मेंदूभोवती फिरतो.

३/ आरंभी मेंदू नव्हताच. १९३१ चे गॉटलिब कंपनीचे 'बॅफल बॉल' हे केवळ खिळे, खळगे आणि स्प्रिंगचा दट्ट्या यांवर चाले. १९३३ च्या सुमारास हॅरी विल्यम्स यांच्या 'काँटॅक्ट' या यंत्रात वीज आली. तीही कोरड्या बॅटरीतून. १९४७ मध्ये गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'ने फ्लिपर आणले आणि नशिबाच्या खेळाला कौशल्याची जोड मिळाली. या खेळात वीज प्रथम बॅटरीतून आली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे बॅटरीनेच या यंत्रांचा सर्वाधिक घात केला.

४/ पुढची तीस वर्षे विद्युत-यांत्रिक यंत्रांची. त्यांच्या पोटात रिले, पायरीपायरीने सरकणारी चक्रे, दात्यांची मोटर आणि कापडी वेष्टणाच्या तारांची जुडगी असे. गुण म्हणजे फिरणाऱ्या चकत्यांवरचे आकडे. आवाज म्हणजे खरोखर वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि घंटा. या यंत्राचा विचार डोळ्यांनी पाहता येई. रिले ओढला गेला की नाही, पत्ती पत्तीला टेकली की नाही, हे दिसत असे आणि ऐकूही येत असे.

५/ त्यामुळे दुरुस्तीची हत्यारेही साधी होती: बारीक कानस, पत्ती वाकवण्याचा चिमटा, थोडे वंगण आणि मोठा नकाशा. काजळी धरलेला संपर्कबिंदू घासला की काम होई. दोष मात्र पुष्कळ आणि नित्याचे. शेकडो पत्त्यांपैकी एक केसभर सरकली तरी गुण चुकत. यंत्र क्वचितच कायमचे मरे, पण वारंवार आजारी पडे. मालकाला हवे होते नेमके उलटे: क्वचित बिघडणारे यंत्र.

६/ ते शक्य झाले मायक्रोप्रोसेसरमुळे. १९७५ मध्ये 'मर्को' या कंपनीने 'स्पिरिट ऑफ ७६' हे संगणकीय मेंदू असलेले पिनबॉल विकायला आणले. १९७६ मध्ये न्यूयॉर्क शहराने १९४२ पासूनची पिनबॉलबंदी उठवली. त्यापूर्वी रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या सदस्यांसमोर खेळून दाखवून हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे हे पटवले होते. १९७७ अखेर शिकागोच्या तिन्ही मोठ्या कंपन्या, बॅली, विल्यम्स आणि गॉटलिब, इलेक्ट्रॉनिक यंत्रे बनवू लागल्या होत्या.

७/ तिघींचा प्रश्न एक, उत्तरे वेगळी. बॅलीने मोटोरोलाचा ६८०० हा प्रोसेसर घेतला. भोवताली त्याच घराण्यातल्या, बाजारात कोणालाही मिळणाऱ्या चिपा: स्मृतीसाठी ६८१० आणि ५१०१, बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी दोन 'पीआयए', वेळ राखण्यासाठी सर्वपरिचित ५५५ टायमर. खास पिनबॉलसाठी घडवलेला तुकडा जवळजवळ नाही. जे खास होते ते म्हणजे आज्ञावली, आणि ती स्वतंत्र रॉम-चिपांत साठवलेली होती.

८/ आता त्या सात उघडझापी. दिव्याची पहिली चमक सांगते की प्रोसेसर जागा झाला. मग पहिली उघडझाप: रॉममधील आज्ञावली शाबूत. दुसरी: ६८१० ही स्मृती ठीक. तिसरी: ५१०१ ठीक. चौथी आणि पाचवी: दोन्ही पीआयए ठीक. सहावी: ५५५ टायमरचे ठोके येत आहेत. सातवी: कॉइलांना लागणाऱ्या ४३ व्होल्टच्या पुरवठ्याची नाडी मिळाली. दोनवर थांबला तर ५१०१ तपासावी, सहावर थांबला तर ४३ व्होल्टचा फ्यूज पाहावा. दिव्याचा प्रत्येक लपका म्हणजे एक निदान.

९/ एका दिव्याच्या खर्चात ही सोय झाली, कारण धंद्याची रचनाच तशी होती. कारखाना यंत्र वितरकाला विकी, वितरक चालकाला, आणि चालक ते गुत्त्यांत, उपाहारगृहांत, बोलिंगच्या दालनांत मांडून नाण्यांची कमाई करी. बंद यंत्र म्हणजे बुडालेले उत्पन्न. दुरुस्ती करणारा मेकॅनिक मोटारीतून हिंडे आणि अपुऱ्या उजेडात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत काम उरकी. म्हणून यंत्राबरोबर सर्किटच्या संपूर्ण नकाशासह माहितीपुस्तिका येई. यंत्र कोणीतरी उघडणार, हे ते रचणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

१०/ गॉटलिबने दुसरी वाट धरली. 'क्लिओपात्रा'पासून सुरू झालेल्या त्यांच्या 'सिस्टिम १' या बोर्डासाठी रॉकवेल कंपनीच्या पीपीएस-४ घराण्यातील चिपा घेतल्या. यातल्या चिपा असंख्य पायांच्या, कोळ्यासारख्या पसरलेल्या. मेकॅनिक त्यांना 'स्पायडर' म्हणू लागले. स्मृती, आज्ञावली आणि बाहेरच्या जोडण्या यांचा बराच भाग त्यांच्या पोटातच कोंबलेला होता. कागदावर ही मांडणी आटोपशीर होती आणि त्या काळी ती शहाणपणाचीही वाटली असेल.

११/ परंतु रॉकवेलने त्या चिपांचे उत्पादन थांबवले, आणि दुसरे कोणी त्या बनवत नव्हते. बॅलीच्या बोर्डावरची ६८१० गेली तर जुन्या साठ्यातून दुसरी आणून बसवता येते. ६८०० ही इतक्या यंत्रांत वापरली गेली की तिचा तुटवडा कधी भासला नाही. स्पायडर चिप गेली तर दुसऱ्या मृत बोर्डावरून काढून आणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मृत बोर्डही संपत जातात. एकाच वर्षी जन्मलेली दोन यंत्रे. एक अजून सुट्या भागांनी जगते, दुसऱ्याला बहुधा नवा मेंदूच बसवावा लागतो. हा फरक गुणवत्तेचा नव्हता. भाग सर्वांचा होता की एकाच कारखान्याचा, एवढाच तो होता.

१२/ आता त्या घातकी बॅटरीकडे. रिलेच्या यंत्राला सर्वोच्च गुणसंख्या आठवण्याची गरज नव्हती. इलेक्ट्रॉनिक यंत्राला ती होती. शिवाय किती नाणी पडली, किती खेळ झाले हा चालकाचा हिशेबही ५१०१ या स्मृतीत राहत असे. वीज बंद झाल्यावर ही स्मृती टिकावी म्हणून बॅलीने ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट बोर्डावरच सोल्डर केली. यंत्र चालू असले की ती भारित होई, बंद असले की स्मृतीला पोसत राही.

१३/ यंत्र रोज चालत होते तोवर हे ठीक होते. पण दुकान बंद पडले, यंत्र तळघरात गेले, आणि बॅटरी रिती होऊन काही वर्षांत पाझरू लागली. तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र क्षार. तो बोर्डावर पसरतो, तांब्यावर हिरवट कळंक चढवतो, केसासारखे बारीक मार्ग खाऊन टाकतो आणि चिपांच्या खोबणीत शिरतो. बॅलीच्या बोर्डावर प्रोसेसरला जागे करणारे 'रीसेट'चे सर्किट नेमके बॅटरीच्या शेजारी. म्हणून अशा यंत्रात पहिली चमकही येत नाही. दिवा नुसता पेटून राहतो. आठवण टिकवण्यासाठी बसवलेल्या वस्तूने जागे होण्याची शक्तीच हिरावली.

१४/ उपचार ठरलेला आहे, पण चिकाटीचा. बॅटरी कापून काढायची. बाधित भाग व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने धुऊन क्षार मारायचा, मग पाण्याने धुवायचा आणि पुरता वाळवायचा. काळे पडलेले तांबे उजळ होईपर्यंत घासायचे, कारण कळंकावर सोल्डर धरत नाही. खोबणी, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर उपटून नवे बसवायचे; तुटलेल्या मार्गांवर बारीक तार जोडायची. शेवटी बॅटरीच्या जागी वीज नसतानाही आठवण राखणारी आधुनिक स्मृती-चिप लावायची. घाई करून क्षार आत राहू दिला, तर काही वर्षांनी कळंक परत येतो.

१५/ विल्यम्सने सुट्या, बदलता येणाऱ्या एए आकाराच्या तीन बॅटऱ्या वापरल्या. त्या वेळोवेळी बदलल्या तर धोका नव्हता. पण बदलणार कोण? यंत्र विकले गेले, मालक बदलले, बॅटऱ्या तशाच राहिल्या आणि झिरपल्या. यातून या यंत्रांविषयीचे एक सत्य पुढे येते, जे प्रथम उलटे वाटते: त्यांचे बोर्ड खेळण्याने फारसे मेले नाहीत, पडून राहिल्याने मेले. ज्याची रोज झीज होत होती, त्याची रोज विचारपूसही होत होती.

१६/ खेळण्याने होणारे बिघाड वेगळ्या जातीचे. प्रत्येक कॉइलच्या टोकांना एक स्वस्त डायोड जोडलेला असतो. कॉइलचा प्रवाह तुटताना उलट्या दिशेने उच्च दाबाचा झटका येतो. डायोड तो गिळतो. हादऱ्यांनी डायोडचा पाय तुटला तर झटका थेट ट्रान्झिस्टरवर जातो. ट्रान्झिस्टर बहुधा 'चालू' स्थितीतच मरतो. मग क्षणभर ओढण्यासाठी बनवलेली कॉइल सतत ओढलेली राहते, तापते आणि जळते. म्हणून जळकी कॉइल बदलून थांबणारा मेकॅनिक कच्चा. पक्का मेकॅनिक आधी डायोड पाहतो, मग ट्रान्झिस्टर, आणि मगच नवी कॉइल लावतो.

१७/ याहून मोठा शत्रू म्हणजे जोड. चिपा दशके टिकल्या. त्यांना जोडणाऱ्या पिना टिकल्या नाहीत. काचेमागच्या दिव्यांचा जड प्रवाह ज्या जोडांतून जाई, ते तापून तपकिरी, मग काळे झाले. हादऱ्यांनी पिनांच्या बुडाशी सोल्डरला वर्तुळाकार चिरा पडल्या. विल्यम्सच्या १९७७ ते १९८४ या काळातील यंत्रांत मुख्य बोर्ड आणि चालक बोर्ड यांना ४० पिनांच्या एकाच जोडाने सांधले होते. त्यातील एखादी पीन सैल झाली की यंत्र वेड्यासारखे वागे. 'मेंदू गेला' म्हणून टाकलेल्या कित्येक यंत्रांचा दोष एवढाच निघाला आहे.

१८/ १९९० मध्ये विल्यम्सने 'डब्ल्यूपीसी' ही प्रणाली आणली. 'फनहाउस' हे तिचे आरंभीचे यंत्र. १९९२ चे 'ॲडम्स फॅमिली' याच प्रणालीवरचे, आणि त्याच्या २०,२७० प्रती निघाल्या. येथे निदान एका दिव्यापुरते उरले नाही. एखादा स्विच बऱ्याच खेळांत एकदाही दाबला गेला नाही, तर यंत्र स्वतः ते ताडते, त्यावाचून खेळ चालवण्याची युक्ती योजते आणि पडद्यावर शिल्लक खेळांच्या आकड्यापुढे एक टिंब उमटवते. खेळाडूला ते दिसत नाही, मेकॅनिकला दिसते.

१९/ तिचाही एक प्रसिद्ध आजार आहे. दोन्ही फ्लिपर एकदम उचलले की यंत्र अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होते. दोष आज्ञावलीचा वाटतो, पण असतो वीजपुरवठ्याचा: ब्रिज रेक्टिफायर थकलेला, १५,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकलेला किंवा जोड भाजलेला. फ्लिपरचा भार पडताच ५ व्होल्टची पातळी घसरते आणि पहारेकरी सर्किट प्रोसेसरला नव्याने सुरू करते. कपॅसिटर खेळाने नव्हे, वयाने सुकतो. न वापरलेल्या यंत्रातही तो म्हातारा होतोच.

२०/ १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचे उत्पादन बंद केले. शेवटचा प्रयोग होता 'पिनबॉल २०००': काचेवर प्रतिबिंबित होणारे पडद्यावरचे चित्र आणि त्यामागे त्या काळचा घरगुती वैयक्तिक संगणक. संगणक म्हणजे बाजारू, सर्वांना मिळणारा भाग. मग तो टिकायला हवा होता. पण वैयक्तिक संगणकाचा बाजार दोन-तीन वर्षांत कूस बदलतो आणि त्या विशिष्ट मदरबोर्डसारखा दुसरा मिळेनासा होतो. भाग सर्वसामान्य असून भागत नाही. तो दीर्घकाळ सर्वसामान्य राहावा लागतो. १९७७ चा ६८०० या कसोटीला उतरला, १९९९ चा संगणक उतरला नाही.

२१/ कारखाने मिटले, तरी नकाशे उरले होते. त्या नकाशांवरून हौशी अभियंत्यांनी आणि छोट्या उद्योगांनी नवे बोर्ड रचले: जुन्याच आकाराचे, जुन्याच जोडांचे, बॅटरीविना चालणारे. गॉटलिबच्या 'सिस्टिम १'लाही असे नवे मेंदू मिळाले. रॉम-चिपांतील आज्ञावल्या अभ्यासकांनी उतरवून ठेवल्या, 'पिनमेम'सारख्या अनुकरण-प्रणालीत त्या चालवल्या. रॉमच्या काही जातींतील विद्युतभार कालांतराने गळतो. पण प्रत शाबूत असल्याने ती चिप पुन्हा लिहिता येते. नकाशा छापून दिला होता म्हणून हे घडले.

२२/ येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. नवा बोर्ड बसवला की यंत्र भरवशाचे होते. पण मग ते १९७७ चे यंत्र उरते काय? जुन्या वाड्याची कुजलेली तुळई बदलणे हा जीर्णोद्धार. पण आतला सारा सांगाडा काढून केवळ दर्शनी भिंत राखली, तर त्याला काय म्हणावे? काही जाणकार शेवटच्या शक्य क्षणापर्यंत मूळ बोर्ड जिवंत ठेवतात. काही नवा बसवतात आणि जुना गुंडाळून यंत्राच्या पोटातच ठेवतात, पुढच्या हातांसाठी. दुसऱ्या वाटेत तडजोड आहे, पण काहीही कायमचे नष्ट होत नाही.

२३/ लास वेगासचे 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' किंवा कॅलिफोर्नियातील ॲलमेडाचे 'पॅसिफिक पिनबॉल म्युझियम' यांनी यंत्रे काचेआड ठेवली नाहीत. लोक ती खेळतात. त्यात झीज आहे: रबर तुटते, कॉइल जळते, दिवे जातात. पण खेळते यंत्र आपले दुखणे लगेच बोलून दाखवते, आणि ते ऐकायला माणूस हजर असतो. जपणूक म्हणजे हात न लावणे, ही समजूत या यंत्रांपुरती तरी खोटी ठरली आहे.

२४/ आजची यंत्रे पुन्हा बदलली आहेत. स्टर्न कंपनीने २०१५ च्या सुमारास आणलेल्या 'स्पाइक' प्रणालीत सारे काम एकाच मोठ्या मेंदूवर नाही; फळीखाली विखुरलेले छोटे बोर्ड मुख्य बोर्डाशी केबलने बोलतात. तारा कमी, वजन कमी, बांधणी सोपी. मात्र भाग इतके बारीक आणि पृष्ठभागावर चिकटवलेले की बिघडलेला घटक शोधण्यापेक्षा पूर्ण बोर्ड बदलण्याकडे कल असतो. कारखाना बोर्ड पुरवतो तोवर ही दुरुस्ती पूर्वीपेक्षाही जलद. तो पुरवेनासा झाला की काय, याचे उत्तर अजून काही दशकांनी मिळेल.

२५/ बारीक भागांना दोष देण्यात अर्थ नाही. तेही कसलेल्या हातांना बदलता येतात. रिलेच्या काळातल्या मेकॅनिकलाही पहिला मायक्रोप्रोसेसर काळी जादू वाटला असेल. या इतिहासातून निघणाऱ्या कसोट्या वेगळ्या आहेत. नकाशा खरेदीदाराला मिळतो का? भाग एकाहून अधिक जण बनवतात का? यंत्र आपला दोष स्वतः सांगते का? आणि त्याच्या पोटात असे काही ठेवले आहे का, जे दुर्लक्ष होताच त्याला आतून खाऊ लागेल?

२६/ बॅलीच्या त्या बोर्डाला पहिल्या तीन कसोट्यांत पूर्ण गुण, चौथीत शून्य. तरीही तो वाचतो, कारण पहिल्या तिन्हींच्या बळावर चौथीची चूक दुसऱ्या कोणाला तरी निस्तरता येते. ज्या अभियंत्याने तो तांबडा दिवा बसवला, त्याला अर्धशतकानंतरच्या मेकॅनिकची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने केवळ पुढच्या आठवड्यातल्या, घाईत असलेल्या मेकॅनिकचा विचार केला. यंत्र पन्नास वर्षे टिकायला तेवढा विचार पुरेसा झाला. (धागा पूर्ण)